काकाची वायर

गोपाल एकदा मागे लागला की जाऊनच सुटका. "धरणाचं पाणी माह्या दाराशी हाय अन् तुम्ही उन्हाळ्यात घरात पंख्याखाली मरून राह्यले. काऊन नाई येत बे?" असं तो होळीपासून ग्रुपवर लिहीत होता. शेवटी मे महिन्यात आम्ही गेलो. आम्ही म्हणजे मी योगिनी, माझा नवरा प्रज्वल आणि सुचिता. गोपाल धरून चौघंही देऊळगाव राजाच्या एकाच शाळेतले, एकाच वर्गातले. मी आता बुलडाण्यात गणित शिकवते. प्रज्वल औषधांच्या कंपनीत फिरतीवर असतो, सुचिता जालन्याला नर्स आहे आणि गोपालनं वडिलांची शेती धरली. मी प्रज्वलशी लग्न ठरवलं तेव्हा सुचिता म्हणाली होती, "अख्खा तालुका सोडून तुले हाच सापडला?" हाच सापडला, आणि मला तो फार आवडतो. पुढचं सांगायच्या आधी हे सांगितलेलं बरं.

गोपालचा मळा धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि मोकळ्या झालेल्या गाळात लोक टरबूज, काकडी लावतात. पाण्याच्या कडेनं सगळ्यांच्या मोटारी. मोटार पिंपांच्या तराफ्यावर तरंगते, आणि काठावरच्या पत्र्याच्या शेडमधून जाड काळी वायर जमिनीवरून सरपटत पाण्यात उतरते. मला ती वायर पहिल्या दिवसापासून आवडली नाही. साप बरा, तो निदान आपल्याला बघून पळतो.

"भिऊ नको," गोपाल म्हणाला. "लाईट असली का पाण्यात उतराचं नाई, एवढा एकच नेम."

पण नेम एक नव्हता, दोन होते. प्रत्येक शेडमध्ये मोटारीच्या स्टार्टरला ऑटो नावाची एक पेटी जोडलेली असते. तिचा खटका वर केला की लाईट आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू होते. रात्री-बेरात्री लाईट येते, तेव्हा शेतात जायला नको म्हणून ही सोय. म्हणजे नुसती लाईट गेलेली असून भागत नाही, ऑटोही बंद पाहिजे. गोपालनं आम्हाला शेडमध्ये नेऊन खटका खाली करून दाखवला, तेव्हा कुठे मी पाण्यात पाय घातला. पोहता मला येत नाही. मी ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बसून हुकूम सोडत होते.

पहिला दिवस मजेत गेला. सुचिता आजोळी, धाडच्या विहिरीत, पोहायला शिकलेली, ती पाण्यात पडली की पुन्हा माणसात येत नाही. प्रज्वल आणि गोपालनं गळ टाकले, मासे सोडून सगळं लागलं. रात्री मात्र वादळ उठलं. आमच्या तंबूची काठी मोडली, शेडचा एक पत्रा उडाला आणि लाईट गेली. सकाळी गोपालनं लाईनमन प्रेमानंदला फोन लावला. तो म्हणाला, खांब आडवा झालाय, काम चालू आहे, आज होईल पण कधी ते विचारू नका. त्यानंतर चौघांचेही फोन एकेक करून मेले.

"झकास!" प्रज्वल म्हणाला. "लाईटच नाई, मंग भेव कशाचं?"

तरी गोपालनं पाण्यात उतरण्याआधी पुन्हा शेडमध्ये जाऊन खटका खाली आहे ना ते पाहिलं. मी त्याच्यासोबत होते. तो खाली होता. हे मी नंतर स्वतःला शंभरदा सांगितलं.

दुपारी गोपालचे वडील महादेवराव मोटारसायकलवर जेवण घेऊन आले. रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि केळीच्या पानात बांधलेला ठेचा. मितभाषी माणूस. आमच्याकडे बघून फक्त म्हणाले, "म्हशी बऱ्या, सांजच्याला तरी बाहेर निघतात." आम्ही लिंबाखाली जेवायला बसलो, ते रिकामी पिशवी टांगायला शेडकडे गेले आणि तिकडूनच गावात परतले. रोडगे तुपात बुडवून इतके खाल्ले की त्यानंतर झोपणं हेच शहाणपणाचं होतं. पण शहाणपण आमच्यापैकी कोणाकडे होतं?

"रेस," सुचिता म्हणाली. "त्या बाभळीले हात लावायचा अन् परत."

पाण्यात एक मेलेली बाभूळ उभी होती, धरण झालं तेव्हा बुडालेली. उन्हाळ्यात तिच्या काळ्या फांद्या वर येतात. गोपाल पंच झाला, मी ट्यूब काठावर ओढून बसले, आणि ते दोघं सुटले. सुचितानं आधी हात लावला, वळली आणि सरसर काठाजवळ आली. प्रज्वल बाभळीपाशी पोचला आणि तिथंच थांबला. त्यानं हात वर केला.

"हरला म्हणून नखरे करून राह्यला," मी म्हणाले. शाळेत असताना हा माणूस विहिरीत बुडी मारून पायरीखाली लपायचा आणि आम्ही बोंबललो की वर यायचा. त्यामुळे त्याच्या वर केलेल्या हाताची माझ्याकडे काही किंमत नव्हती.

पण प्रज्वलला गंमत करताना हसू दाबता येत नाही. आणि तो हसत नव्हता.

"पाय गुतला!" तो ओरडला. "जाळं हाय खाली!"

मासे धरणारे बुडालेल्या झाडांना नायलॉनची जाळी बांधून ठेवतात. वादळानं एखादं सुटून बाभळीच्या खोडाला गुंडाळलं असणार. पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत होतं. तो खाली वाकून पाय सोडवायला गेला, वर आला तेव्हा खोकत होता, आणि जाळं आणखी आवळलं होतं. सुचिता पाण्यात वळली.

"थांब!" प्रज्वलनं किंकाळीच फोडली. "येऊ नको! इथं वायर हाय! उघडी हाय!"

मी उभी राहिले. डोळ्यांवर हात धरून पाहिलं, तेव्हा मलाही दिसली. बाभळीच्या फांदीवर काळी वायर आडवी पडली होती आणि प्रज्वलच्या खांद्याजवळ पाण्यात उतरत होती. तिथं तिच्या जोडाची पट्टी सुटून लोंबत होती आणि आतलं तांबं उन्हात चमकत होतं.

"ही वायर इथं कशी?" मी गोपालला विचारलं.

"वादळानं तराफा ओढला असंल रात्री," तो म्हणाला. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. "पण ही आपली नाई. आपली तिकडं पडते, लांब. ही काकाची हाय."

"अन् काकाचा ऑटो?"

गोपालनं मान हलवली. "मले काय माहीत. चालूच असंल. कोन बंद ठेवते?"

मग मला सगळं एकदम कळलं. लाईनमन खांबावर होता. तो खाली उतरून कधी लाईट सोडेल ते कोणाला ठाऊक नव्हतं, आत्ता, घटकाभरानं, संध्याकाळी. ज्या क्षणी लाईट येईल त्या क्षणी काकाच्या शेडमधला ऑटो मोटार सुरू करेल, त्या उघड्या जोडातून वीज पाण्यात उतरेल, आणि माझा नवरा तिथं पाय बांधलेला उभा असेल. वायर ढकलून किती लांब ढकलणार? पाणी तर तेच.

सुचिता काठावर आली. गोपालच्या पिशवीतला विळा तिनं उचलला, ओढणीनं कमरेला बांधला.

"सुचे, जाऊ नको," गोपाल म्हणाला. "लाईट आली तं दोघंही जातान."

"मंग लाईट येऊ नका देऊ," ती म्हणाली आणि पाण्यात शिरली.

आयुष्यात माझ्यासाठी कोणी एवढं मोठं काही केलेलं नाही. तेव्हा मात्र तिला धन्यवाद म्हणायचंही सुचलं नाही. मी गोपालचा दंड धरला. "काकाचं शेड कुठं हाय? चल."

"शेडले कुलूप असते. किल्ली काकापाशी. काका मळ्यातच राहते, त्या टेकाडामागं." तो पळायला लागला आणि पळता पळताच म्हणाला, "पण बोलाचं तू. काका मले दारात उभं करत नाई."

हे मला ऐकून माहीत होतं. गोपालचे वडील आणि त्यांचे धाकटे भाऊ उकंडराव यांचं वाटणीपासून बिनसलेलं. आधी बांध, मग पाइपलाइन, मग दोन वर्षांपूर्वी कोणीतरी रात्री उकंडरावांची वायर कापून नेली आणि त्यांनी भर चावडीत भावाचं नाव घेतलं. तेव्हापासून एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, मोटारी चालवणारे दोघं सख्खे भाऊ समोरून आले तर रस्ता सोडून वावरात उतरतात. गावात याचं कोणालाही नवल नाही. भाऊबंदकी म्हणजे घरचा आजार, कोणाला नाही?

गाळाला भेगा पडल्या होत्या. माझी एक चप्पल त्यात अडकून राहिली, मी तशीच पळाले. मागून प्रज्वलचा खोकला ऐकू येत होता, मग तोही ऐकू येईना, आणि ते जास्त वाईट होतं. टेकाडावर डीपीचे दोन खांब आणि मध्ये तो ट्रान्सफॉर्मर. त्याच्याखालून जाताना मी कान लावले. शांत होता. अजून लाईट नव्हती.

उकंडरावांच्या मळ्याला बोराटीचं कुंपण आणि लाकडी फाटक. गोपाल फाटकापाशी आला आणि थांबला. खरोखर थांबला! जणू त्याचे पाय मालकाला न विचारता तिथं थांबायला शिकलेले होते. मला इतका संताप आला की मी त्याला ढकलूनच आत गेले.

लिंबाखाली एक उंच, वाळकुडा माणूस कांदे निवडत बसला होता. जवळ त्याची बायको, सोजराबाई, सुपात काहीतरी पाखडत होती.

"काका, तुमच्या मोटारीचा ऑटो बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

उकंडरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाबाहेरच्या गोपालकडे पाहिलं, आणि पुन्हा कांदा उचलला. "कोनाची माणसं तुम्ही?"

"काका, माणूस मरून राह्यला तिकडं! माहा नवरा! बाभळीपाशी जाळ्यात पाय गुतला त्याचा, अन् तुमची वायर उघडी पडली त्याच्या उशाशी! लाईट आली तं—"

"माही वायर?"

"हाव, तुमची! आता भांडण काढू नका. तुमच्या बांधाशी मले काही घेणं नाई. तुमच्या भावानं तुमचं काय केलं ते मले ऐकाचं नाई. उठा अन् किल्ली द्या, नाई तं मी शेडचं कुलूप दगडानं फोडते!"

वडीलधाऱ्या माणसाशी मी असं कधी बोलले नव्हते. माझा आवाज फाटला होता आणि मी रडत होते हेही मला नंतर समजलं. सोजराबाई सूप ठेवून उभ्या राहिल्या.

उकंडराव उठले. पण शेडकडे निघाले नाहीत. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. "ते पाह्य पोरी."

लिंबाच्या बुंध्याशी काळ्या वायरचं भलंमोठं वेटोळं पडलं होतं. मधल्या खळग्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"माही मोटार शिमग्यात जळाली," ते म्हणाले. "वायर मी तव्हाच गुंडाळून आनली. पान्यात माहं काहीच नाई."

काही वेळ मला त्या शब्दांचा अर्थच लागेना. कोंबडी मात्र माझ्याकडे रागानं बघत होती. मग फाटकाकडून गोपालचा आवाज आला, अगदी बारीक.

"मंग ती आमची हाय."

"पण तुमचा ऑटो तं बंद हाय!" मी म्हणाले. "मी पाह्यला सकाळी! खाली व्हता!"

उकंडराव आता गोपालकडे बघत होते, किती वर्षांनी कोण जाणे. "दुपारी तुहा बाप शेडमंधी गेला व्हता का?"

"पिशवी टांगाले गेले व्हते."

"मंग झालं. लाईट गेलेली असली का तो ऑटो टाकल्याबिगर शेडातून निंगत नाई. खटका खाली दिसला का त्याचा हात आपोआप जाते. मोटार घेतली तव्हापासून त्याची सवय हाय ते. तुले माहीत नाई?"

गोपालला माहीत होतं. त्याच्या तोंडावरच दिसत होतं. आम्ही आमच्या पाहुणचाराच्या नादात खटका खाली केला होता, आणि त्या माणसानं वावरातलं पीक वाळू नये म्हणून तो वर केला होता. कोणीच कोणाला काही सांगितलं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही उलट्या दिशेला पळत आलो होतो. गोपालचं शेड आता पार दुसऱ्या टोकाला राहिलं.

उकंडरावांनी बंडीच्या खिशातून बटणांचा जुना फोन काढला. आधी लाईनमनला लावला. "संपर्काच्या बाहेर." मग त्यांनी दुसरा नंबर लावला आणि फोन कानाला न लावता तळहातावर धरला. मला पडद्यावरचं नाव दिसलं. 'दादा'. भर चावडीत ज्याला चोर म्हटलं, त्याचं नाव फोनमध्ये दादाच होतं.

"गावात असंल तरी मोटारसायकल हाय त्याच्यापाशी, शेडात लवकर पोचंल," ते पुटपुटले. घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तसंच.

"नाई उचलत," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "गोपाल, तू शेडाकडं पय. तुहे पाय जवान हायेत. पोरी, तू माह्यासंगं चाल. डीपीच मारू, फ्यूज काढून टाकू."

सोजराबाई धावत घरात गेल्या आणि रबरी चपला घेऊन आल्या. "अनवानी हात लावू नका तिथं! घाला आधी!" त्यांनी त्या नवऱ्याच्या पायांपुढे फेकल्या. तेवढ्या घाईतही त्यांनी वाकून त्या सरळ केल्या.

म्हातारा माणूस टेकाड किती वेगानं चढू शकतो? मी त्यांच्या पुढे पळत होते, वळून बघत होते, पुन्हा पळत होते. त्यांना धाप लागली होती. मनातल्या मनात मी त्यांना शिव्या देत होते, महादेवरावांना देत होते, गोपालला देत होते, रोडग्यांना देत होते. देवाचं नाव घ्यायला हवं होतं, पण तोंडाशी शिव्याच येत होत्या.

डीपीच्या खांबावर पत्र्याची पेटी होती, दार अर्धं तुटलेलं. आत तीन पांढरे फ्यूज. टेकाडावरून पाणी दिसत होतं, बाभूळही दिसत होती, पण ऊन पाण्यावर असं चमकत होतं की डोकं कुठलं आणि फांदी कुठली ते कळत नव्हतं.

उकंडरावांनी डोक्याचा रुमाल सोडून हाताला गुंडाळला. पहिला फ्यूज ओढला. निघाला. दुसरा गंजून बसला होता, त्यांनी पाय खांबाला लावून जोर केला. निघाला. दोन्ही त्यांनी धोतराच्या ओच्यात टाकले. तिसरा हलेना.

"काका, लवकर!"

"मले समजते," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी हिसका मारला. फ्यूज हातात आला आणि ते मागे माझ्या अंगावर कोलमडले. आम्ही दोघं तसेच मातीत बसलो होतो, तेव्हा डोक्यावरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला.

लाईट आली होती.

पलीकडच्या काठावर एक मोटार धडधडली, मग दुसरी. पाण्याची धार पाइपातून वावरात पडलेली इथून दिसली. आमच्या काठावर मात्र सगळं गप्प होतं. उकंडराव ओच्यातले फ्यूज चाचपत होते, पुन्हा पुन्हा, तिन्ही आहेत ना. मी विचारलं, "आपण आधी काढले ना? आवाजाच्या आधी काढले ना?" त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. मी उठले आणि टेकाडावरून खाली पळाले.

काठावर पोचले तेव्हा बाभळीपाशी एकच डोकं होतं. ते सुचिताचं होतं. तीही खाली गेली. पाणी सपाट झालं. मी पाण्यात शिरले, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, आणि तिथं पायाखालची जमीन संपली म्हणून थांबले.  

मग दोन डोकी वर आली.

सुचितानं त्याला काखेत धरून आणलं. प्रज्वलचे ओठ निळे पडले होते, घोट्याला नायलॉनचा दोर अजून करकचून बसलेला आणि त्याच्याभोवती विळ्याचे दोन वार लागून रक्त येत होतं. मी आधी त्याला मारलं. दोन्ही हातांनी, पाठीवर, दंडावर. सुचितानं मला मारू दिलं. मग मी त्याला धरलं ते सोडलं नाही.

"लाईट आली व्हती का?" त्यानं दात वाजवत विचारलं.

"आली," मी म्हणाले. "मेल्या, आली."

गोपाल शेडाकडून धापा टाकत आला. "खटका वर व्हता," एवढंच बोलला आणि खाली बसला. उकंडराव टेकाड उतरून आले होते. ते थोडे लांब उभे राहिले, भावाच्या वावराच्या बांधापलीकडे.

तेवढ्यात मोटारसायकल आली. गावात लाईट आली म्हणून मळ्यातली मोटार सुरू झाली का ते बघायला महादेवराव आले होते. गाडी स्टँडला लावेपर्यंत त्यांना धाकट्या भावाच्या ओच्यातले पांढरे फ्यूज दिसले.

"मारलीच ना शेवटी माही लाईट!" ते कडाडले. "वायर कापल्याचा आळ घेतला, आता—"

"बाबा!" गोपाल ओरडला. मी त्याला वडिलांवर ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. त्यानं सांगितलं. भराभरा, अडखळत, सगळं. जाळं, वायर, आपलीच वायर, खटका. काकाकडे गेलो ते. काकानं फोन लावला ते, दोनदा.

महादेवराव ऐकत राहिले. त्यांनी प्रज्वलच्या घोट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ त्यांच्यासाठी पुष्कळ शब्द तयार होते. तुमच्या अबोल्याचं मोल माहा नवरा देणार व्हता, हे तर अगदी ओठांवर होतं. पण त्यांनीच आधी तोंड उघडलं.

"वाजला व्हता फोन," ते म्हणाले. "दोन्ही बारी. हातातच व्हता माह्या. नाव पाह्यलं अन् उलटा करून ठेवला."

 हा माणूस खोटं बोलू शकला असता. ऐकू आला नाही म्हणाला असता तर कोण तपासायला जाणार होतं? ते ऐकून माझा राग गेला असं नाही, पण बोलायला आलेले शब्द तोंडातच राहिले.

महादेवरावांनी खिशातून फोन काढला. बटण दोनदा चुकलं. मग बांधापलीकडे उकंडरावांच्या बंडीत घंटी वाजली. दोघांच्या मध्ये दहा पावलंही नसतील. उकंडरावांनी फोन काढून पाहिला, पाहतच राहिले. मला वाटलं, तेही आता उलटा करून खिशात टाकतात. 

त्यांनी फोन कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ केली. महादेवरावांनीही तोंड फिरवलं, पाण्याकडे. सख्खे भाऊ एकमेकांना पाठमोरे उभे होते.

"उकंडा," थोरला फोनवर म्हणाला. "पोरगं वाचलं रे."

"हाव, दादा," धाकटा म्हणाला.

दोघांपैकी फोन कोणीच ठेवला नाही. मी प्रज्वलच्या ओल्या डोक्यावर कपाळ टेकलं आणि तेव्हा कुठे मोकळी रडले.